जुनेर, दंड आणि धडुते : काटकसरीच्या वेशभूषेचा इतिहास

वस्त्रांचा इतिहास म्हटला की आपली नजर पैठणी, शालू, शेले आणि पेशवाईतली पागोटी यांच्याकडे वळते. हे स्वाभाविक आहे. ती वस्त्रे सणासमारंभापुरती पेटीतून निघाली, पुन्हा घडी होऊन पेटीत गेली आणि म्हणून टिकली. पुढे त्यांतली काही संग्रहालयांत पोचली. याउलट ज्या वस्त्रांत मराठी माणसाने आयुष्याचे बहुतेक दिवस काढले, ती कोणत्याच संग्रहालयात फारशी सापडत नाहीत. ती हरवली नाहीत, ती संपली. काटकसरीचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. काटकसर जितकी यशस्वी, तितका तिचा पुरावा कमी. शेवटच्या धाग्यापर्यंत वापरलेल्या लुगड्याचे अवशेष मागे राहत नाहीत.

मग पुरावा शोधायचा कुठे? आमच्या मते, भाषेत. मराठीत न फाटलेल्या, धड वस्त्राला ‘धडुते’ म्हणतात. वापरून मऊ पडलेले, पण अजून नेसता येण्याजोगे लुगडे म्हणजे ‘जुनेर’. त्याच्या खाली ‘पटकूर’, त्याच्याही खाली ‘लक्तर’ आणि सर्वांत शेवटी ‘चिंधी’. ही केवळ समानार्थी शब्दांची यादी नव्हे. वस्त्राच्या आयुष्याच्या या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर त्याचे नवे काम ठरलेले आहे. ज्या समाजात जुन्या कपड्याच्या अवस्थांना इतकी नावे होती, त्या समाजाने जुन्या कपड्याकडे किती बारकाईने पाहिले असेल, याची कल्पना करता येते. आज मराठीच्या वर्गात ‘जुनेर’ हा शब्द आला की त्याचा अर्थ सांगावा लागतो. शब्द गेला, कारण ती पायरी गेली.

थोड्या पैशांत नीटनेटके राहणे ही गोष्ट आज वैयक्तिक हुशारीची मानली जाते. कोठे खरेदी करावी, सवलत केव्हा लागते, कोणता रंग कशावर शोभतो, एवढ्यापुरती ती चर्चा उरली आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. थोडक्यात चांगले दिसणे ही एक व्यवस्था होती. तिच्यात कापड होते, हात होते, वेळ होता आणि समाजातली उतरंडही होती. यांपैकी कोणती गोष्ट कोणाच्या वाट्याला आली, हे पाहिल्याशिवाय त्या काटकसरीचे कौतुकही करता येत नाही आणि तिच्यावर टीकाही करता येत नाही.

आधी कापड पाहू. मराठी माणसाच्या जुन्या वेषात न शिवलेल्या वस्त्राचे स्थान मोठे होते. लुगडे, धोतर, उपरणे, पंचा, घोंगडी, पागोटे. भाषेनेही हा भेद जपला आहे : लुगडे नेसायचे, उपरणे पांघरायचे, पागोटे बांधायचे, ‘घालायचे’ ते फक्त शिवलेले. न शिवलेल्या वस्त्राला माप नसते. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते सासूला होते, तेच सुनेला होते. बाई गरोदर राहिली, बारीक झाली, वयाने सुटली, तरी लुगडे तेच राहते. शरीर बदलले म्हणून ते टाकावे लागत नाही आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाताना त्याची किंमत कमी होत नाही. शिंप्याच्या कात्रीत कापडाचा जो तुकडा वाया जातो, तोही येथे जात नाही.

असे असले तरी लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याची जागा आणि कासोट्याची जागा आधी जाते. पदर आणि काठ मागे राहतात. येथे ‘दंड’ घालण्याची युक्ती येते. काही भागांत तिलाच ‘दांड’ म्हणतात. लुगड्याचा विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे चांगले भाग बारीक शिवणीने जोडायचे. ही शिवण नेसण्यात कोठे जाईल, ती निऱ्यांत लपेल की पाठीवर दिसेल, याचा हिशेब आधी करायचा. कात्री चालवण्यापूर्वी नेसण्याचा संपूर्ण नकाशा डोक्यात असल्याशिवाय हे जमत नाही. दंड घातलेले लुगडे नेसणारी बाई गरीब असेल, पण दंड दिसू न देणारी बाई नीटनेटकी ठरे.

पुढचा प्रवास सर्वांना ऐकून तरी ठाऊक असेल. दंडही टिकेना झाला की लुगड्याची दुपटी आणि बाळुती होत. नव्या कापडापेक्षा शंभर वेळा धुतलेले सूत तान्ह्या अंगाला मऊ लागते. म्हणजे येथे जुनेपणा हा दोष नसून गुण होता. उरलेल्याचे थर एकावर एक घालून गोधडी किंवा वाकळ शिवायची. गोधडीतून गळालेला तुकडा पोतेरे व्हायचा. जरीच्या वस्त्रांचा मार्ग वेगळा असे. विरलेल्या पैठणीच्या काठापदरातून मुलीचे परकर-पोलके निघे आणि अगदी शेवटी खरी जर विकून तिच्यातल्या चांदीचे पैसे मिळत. शहरांत हे काम दारावर येणाऱ्या बोहारणीने सोपे केले. जुने कपडे घ्यायचे आणि भांडे द्यायचे, हा तिचा व्यवहार. त्यात चालणारी घासाघीस हा विनोदाचा विषय झाला खरा, पण तिच्यात एक आर्थिक सत्य होते : वापरून झालेल्या कपड्यालाही बाजारात किंमत होती आणि ती घरातल्या बाईला नेमकी ठाऊक होती.

कापड टिकवणे ही झाली एक बाजू. दुसरी बाजू स्वच्छतेची. कपडे मोजके असतील तर ते वारंवार धुवावे लागतात आणि चांगले दिसायचे असेल तर नीट धुवावे लागतात. नीळ, भाताच्या पेजेची खळ, तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री, गादीखाली रात्रभर ठेवलेली धोतराची घडी, ही सगळी या बाजूची साधने. येथे खर्च पैशाचा नसतो, श्रमाचा असतो. आणि श्रम पैशाने विकत घ्यायचे ठरवले तर काय होते, याचे एक चांगले उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना धोब्याकडून कपडे वेळेवर येत नसल्यामुळे दोन-तीन डझन सदरे आणि कॉलरही त्यांना पुरत नसत. म्हणजे धुण्याचा खर्च होताच, शिवाय धुणे उशिरा आले म्हणून जादा कपड्यांचाही खर्च. शेवटी त्यांनी धुलाईचे पुस्तक आणले आणि ती कला शिकून घेतली. स्वतः खळ दिलेली पहिली कॉलर घालून ते कोर्टात गेले तेव्हा तिच्यातून खळ गळत होती आणि बरोबरीचे वकील हसत होते.

याच प्रकरणात एक मराठी धागा आहे. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानडे यांनी भेट दिलेले एक उपरणे होते. ते फक्त विशेष प्रसंगी वापरत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली, त्या दिवशी ते चुरगळलेले होते आणि धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देतो म्हटले, तेव्हा वकील म्हणून तुमच्यावर माझा विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा आशयाचे गोखले बोलले. अखेर उपरणे गांधींच्या हाती दिले आणि इस्त्री नीट झाली. रानडे १९०१ साली वारले, हे लक्षात घेतले म्हणजे ते उपरणे निदान अकरा वर्षे जुने होते हे कळते. केंद्रीय कायदेमंडळाचा सभासद असलेला माणूस परदेशातील सन्मानाच्या मेजवानीला अकरा वर्षांचे उपरणे घालून जातो आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नाही. त्या पिढीत प्रतिष्ठा वस्त्राच्या नवेपणात नव्हती. ते कोणी दिले आणि कसे राखले, यात होती.

आता पैशाचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे गिरणी कापड आले ते स्वस्त म्हणूनच. हातमागाच्या कापडापेक्षा ते कमी किमतीत मिळे, तलम असे आणि अंगावर शोभूनही दिसे. म्हणजे थोडक्यात चांगले दिसण्याचा राजमार्गच. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले, तेव्हा त्यांनी या स्वस्ताईलाच प्रश्न विचारला होता. पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. घरखर्चाच्या वहीत पाहिले तर हा सगळा उधळेपणा होता : चांगले धड कपडे जाळायचे आणि त्यांच्या जागी जाडेभरडे, कित्येकदा महाग कापड घ्यायचे. स्वदेशीचे म्हणणे असे की वहीत फक्त आपण दिलेली किंमत दिसते. विणकराचा बसलेला माग त्या वहीत दिसत नाही. कपड्याची किंमत आणि कपड्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार आपल्याकडे सार्वजनिक जीवनात आला तो येथून.

खादीच्या चळवळीतही हीच अडचण उभी राहिली. विलायती कापड सोडायचे तर खादी घ्यायला गरिबाकडे पैसे नाहीत. त्यावर गांधींनी दिलेले उत्तर म्हणजे कमी कापड वापरणे. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी स्वतः आखूड पंचा स्वीकारला. काटकसरीचा हा टोकाचा प्रयोग होता आणि त्याचा नैतिक प्रभाव फार मोठा पडला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण येथेच थांबून दुसऱ्या बाजूने पाहणे आवश्यक आहे. कमी कपड्यांत राहण्याची प्रतिष्ठा कोणाला मिळते? ज्याच्याजवळ जास्त कपडे घेण्याची शक्यता आहे, त्याला. ज्याच्याजवळ मुळात लंगोटीच आहे, त्याने लंगोटी लावली तर त्याला कोणी त्यागी म्हणत नाही. हे जोतीराव फुले यांनी फार आधी ओळखले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कुणब्याच्या अंगावरच्या कपड्यांची अवस्था तपशिलाने मांडली. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. त्याला उंची पोशाखातील मंडळी जमली असताना जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हिंदुस्थानातली खरी प्रजा कशी राहते ते त्यांनी राजपुत्राला ऐकवले. त्यांच्या लेखी फाटके वस्त्र हा सद्गुण नव्हता. ती साक्ष होती.

या इतिहासातले सर्वांत कठोर प्रकरण याच्याही पलीकडचे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. दुसऱ्याने टाकलेले कापड वापरणे ही एखाद्या घरात काटकसर असते. येथे तो दंडक होता. ब्राह्मणाच्या घरातले जुनेर आणि अस्पृश्याच्या अंगावरचे जुनेर, कापड एकच असले तरी, एक वस्तू नव्हेत. पहिल्यात निवड आहे, दुसऱ्यात ओळखीची खूण आहे.

हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत जाळण्यात आला. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि त्याचा एक मोठा भाग पोशाखाविषयी होता. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती पुसून टाका, वरिष्ठ वर्गातल्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, आणि असे करण्यात तुमचा काही खर्च होत नाही, असे त्यांनी सांगितले. गळ्यातल्या सरींचा आणि कोपरापर्यंतच्या पाटल्या-कड्यांचा भार कमी करा आणि स्वच्छतेकडे लक्ष द्या, हाही त्यांचा आग्रह होता. त्या परिषदेनंतर स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली.

थोड्या खर्चात चांगला पोशाख या विषयावर मराठी भूमीत झालेले हे सर्वांत महत्त्वाचे भाषण आहे, असे आम्हाला वाटते. त्यातला ‘खर्च होत नाही’ हा मुद्दा नीट पाहावा. लुगडे तेच, वार तेच. फक्त ते घोट्यापर्यंत उतरवायचे. एक पैसाही न घालवता वेषाचा अर्थ पालटतो. पण हे इतके सोपे होते तर आधी का झाले नाही? कारण अडथळा पैशाचा नव्हताच, परवानगीचा होता. ज्या लोकांना लुगडे खाली सोडून नेसण्याचीही मोकळीक गावाने दिली नव्हती, त्यांच्या बाबतीत नीटनेटकेपणा म्हणजे शिस्त नव्हे, बंड होते. गांधींनी कपडे उतरवले आणि बाबासाहेबांनी सूट चढवला, हा विरोध नेहमी सांगितला जातो. दोघेही वेषाची भाषा सारखीच जाणत होते. त्यांची सुरुवातच वेगवेगळ्या ठिकाणाहून होत होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या कथेत सरकार आले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. कापडावर किंमत छापून येऊ लागली आणि गरिबांसाठी ‘स्टँडर्ड’ कापड काढण्यात आले. स्वातंत्र्यानंतर, १९६४ पासून, धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल असे ठरावीक प्रकार नियंत्रित दराने विणण्याची सक्ती गिरण्यांवर आली. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द घराघरांत पोचला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने ही जबाबदारी हातमागाकडे वळवली. या कापडाला हौस नव्हती, पण त्यामागे एक तत्त्व होते : अंगभर धड कपडा ही बाजाराच्या मर्जीवर सोडण्याची गोष्ट नाही.

या काळातली मध्यमवर्गीय काटकसर शिवलेल्या कपड्यांची होती आणि तिचे नियम निराळे होते. दिवाळीला एका ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे निघत. चड्डीला आणि परकराला आत दुमड ठेवली जाई, म्हणजे मूल वाढले की ती उसवून पुढचे वर्ष निभावे. कपडे ‘वाढत्या मापाचे’ शिवायचे, हा शिंप्याला दिलेला ठरलेला निरोप. थोरल्याचे धाकट्याला, कॉलर विरली की उलटून पुन्हा बसवायची. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त शाळकरी श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, त्या प्रसंगाचा परिणाम वाचकावर होतो, कारण नवा कपडा ही तेव्हा घटना होती.

नंतर टेरिलीन आणि टेरिकॉट आले. ते चुरगळत नसे, लवकर वाळे, वर्षानुवर्षे फाटत नसे. इस्त्रीचा आणि खळीचा जाच संपला; नोकरीला निघालेल्या बाईच्या दृष्टीने ही सुटका होती आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दंड घालणे, गोधडी शिवणे, नीळ देणे ही सारी कामे बहुतांशी तिच्याच माथी होती. जुन्या काटकसरीचा जमाखर्च मांडताना या श्रमाची नोंद कोणी केली नव्हती, हे विसरून चालणार नाही. परंतु एक गोष्ट नकळत घडली. टेरिकॉटचे बाळुते होत नाही, ते पाणी शोषत नाही म्हणून पोतेरेही होत नाही. तो कपडा टिकतो, पण पुढच्या पायरीवर उतरत नाही. साखळी तुटली ती येथे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक सरकत गेले. पुढे तयार कपड्यांचे युग आले आणि कपडा इतका स्वस्त झाला की तो दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे परवडू लागले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक कपडे शिवणारी होती. सार्वजनिक काकांनी विचारलेला प्रश्न तेथे ढिगाऱ्याखालून पुन्हा वर आला : किंमत कमी आहे, पण खर्च कोणी केला?

मग आज थोडक्यात नीटनेटके राहू इच्छिणाऱ्याने या इतिहासातून काय घ्यावे? दंड घालायला बसावे असे आम्ही म्हणणार नाही. पण हिशेबाची पद्धत घेण्याजोगी आहे. समजा, तीनशे रुपयांचा सदरा दहा वेळा वापरून टाकला, तर प्रत्येक वापर तीस रुपयांना पडला. बाराशेचा सदरा एकशेवीस वेळा वापरला, तर दहा रुपयांना. जुन्या घरांतल्या बाया हा भागाकार कागदाशिवाय करीत. दुसरी गोष्ट, सांभाळणे ही खरेदीइतकीच महत्त्वाची कृती आहे. उसवलेली शिवण त्याच आठवड्यात घातली तर सदऱ्याचे वर्ष वाढते. आणि हे काम घरातल्या एकाच माणसाचे नव्हे. सुईदोरा पुरुषाच्या हातातही चालतो. तिसरी गोष्ट, कापड घेतानाच त्याची पुढची पायरी विचारात घ्यावी. माप वाढवता येईल का, दुसऱ्याला देता येईल का, शेवटी पुसायला तरी होईल का?

आणि या सर्वांच्या आधी महाडची गोष्ट ध्यानात ठेवावी. साधे राहावे हे आपण स्वतःला सांगू शकतो. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी त्याच्याजवळ निवड आहे का, हे पाहावे लागते. घरकामाला येणाऱ्या बाईला जुनी साडी देताना ती आपण पुढच्या पायरीवर पाठवत असतो की तिला खालच्या पायरीवर ठेवत असतो, हा प्रश्न अजून संपलेला नाही. देण्याजोगी वस्तू धड असावी, धुतलेली असावी आणि नको म्हणण्याची मोकळीक घेणाऱ्याला असावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.